चारमँडर मोठा होईना!

प्रश्न : ‘पोकेमॉन फायररेड’मध्ये १६व्या लेव्हलला माझा चारमँडर बदलायला लागला आणि चुकून ‘बी’ बटण दाबलं गेलं. आता तो कायम असाच राहणार का? जिममधल्या ब्रॉकच्या ओनिक्सपुढेही त्याचा एम्बर चालत नाही.
– सहावीतला वाचक

उत्तर : अरे, काळजी सोड. ‘बी’ने बदल तेवढ्यापुरताच थांबतो. १७व्या लेव्हलला पुन्हा संधी येईल, तेव्हा बटणापासून बोट लांब ठेव म्हणजे झालं. ३६ला चारिझार्ड. त्याला एव्हरस्टोन मात्र देऊ नकोस, त्याने खरंच अडतं.

ओनिक्स म्हणजे दगड आणि माती, त्याला आग काय करणार? १३व्या लेव्हलला शिकलेला मेटल क्लॉ वापर. दगडावर पोलाद दुप्पट लागतं. तो विसरवून बसला असशील, तर ओनिक्सशी लढायला रूट २२वर मँकी पकड. आधी त्याची ताकद कमी कर, मग बॉल टाक. पण बेशुद्ध पाडलास तर हातचा गेला. आणि जिममध्ये शिरण्याआधी गेम सेव्ह कर.