वारकऱ्याची टाच

माउली हो, सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते, चार पावलांनी ओसरते. हे दुखणे पुष्कळांस आहे. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. दिवेघाटासारखी मोठी मजल एकाएकी चालली, पोटरी आखडली वा वहाण झिजली, की तो टाचेपाशी दुखावतो.

उपाय सोपा आहे. उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून दहा अंक मोजावे. असे १० वेळा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. वहाण जाड, मऊ तळाची असावी. वारीपूर्वी दोन महिने चालणे हळूहळू वाढवावे. मुक्कामी टाचेवर गार पाण्याची घडी ठेवावी. सूज, बधिरपणा वा मधुमेह असल्यास डॉक्टरांस दाखवावे. एक टप्पा गाडीतून गेल्याने वारी उणी होत नाही.