डोळ्याला सतत पाणी: थेंबांनी भागेल का?

प्रश्न: माझी आई ५८ वर्षांची आहे. तिच्या उजव्या डोळ्यातून वर्षभर पाणी वाहतं, चिपडं येतात. थेंबांनी तात्पुरतं बरं वाटतं. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. करावं का?

उत्तर: आधी अश्रुमार्ग तपासून घ्या, मोतीबिंदू नंतर. मार्ग तुंबला की नाकाशेजारच्या अश्रुपिशवीत पाणी साचून जंतू वाढतात आणि ऑपरेशननंतर तेच जंतू डोळ्याच्या आत शिरू शकतात. त्यात दृष्टी जाऊ शकते, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

डॉक्टर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्याखाली बोटाने दाबून पाहतील. पू उलटून डोळ्यात आला तर निदान जवळपास झालंच. नाहीतर पापणीच्या कडेच्या बारीक छिद्रातून बोथट सुईने सलाइन सोडतात. ते घशात उतरलं तर मार्ग मोकळा, परत आलं तर बंद. मार्ग मोकळा निघाला तर कोरडेपणा किंवा सैल पापणी तपासावी. कोरड्या डोळ्यालाही पाणी येतं.

थेंबांनी जंतू कमी होतात, नळी उघडत नाही. तान्ह्या बाळांत मालिशने गुण येतो, मोठ्यांत नाही. खरा उपाय डीसीआर शस्त्रक्रिया: हाडात खिडकी करून पिशवी थेट नाकात उघडतात. ती बाहेरून छोटा छेद देऊन किंवा नाकातून दुर्बिणीने होते. दुर्बिणीच्या पद्धतीत चेहऱ्यावर व्रण राहत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगा.

रक्तमिश्रित पाणी किंवा कोपऱ्यात टणक गाठ दिसली तर स्कॅन हवाच. तिथे लाल, ठणकणारी सूज आली तर त्याच दिवशी दाखवा, दाबू नका.