फिरतें सेंटर व त्याची बैठक

घरांतील लाटणें, पाळण्याचे नक्षीदार खांब, तुमचा भोंवरा, हीं सर्व कातकामाचीं फळें होत. लांकूड फिरत असतें आणि कातारी त्यास हत्यार लावून आकार देतो. तें लांकूड लेथावर दोन टोंकांमध्यें धरलेलें असतें. त्यांपैकीं एक टोंक झिजलें म्हणजे तें कसें बदलावें, हें या पाठांत सांगावयाचें आहे. काम थोड्या मिनिटांचें दिसतें. परंतु तें भलत्या रीतीनें केल्यास यंत्र कायमचें बिघडतें, व प्रसंगीं काम करणाराच्या डोळ्यांवर बेततें.

लेथाच्या डाव्या बाजूस हेडस्टॉक असतो. त्यांतील सेंटर आपले दांत लांकडांत रोवून त्यास फिरवितें. उजवीकडील टेलस्टॉक लांकडाच्या दुसऱ्या टोंकास आधार देतो. या टेलस्टॉकमध्यें स्थिर सेंटर बसविल्यास लांकूड त्यावर घासून तापतें व काळें पडतें. म्हणून तेथें मेण किंवा चरबी लावावी लागते. हा त्रास टाळण्यासाठीं बॉल बेअरिंगवर फिरणारें सेंटर वापरतात. त्यास आज लाइव्ह सेंटर म्हणतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत मात्र हें नांव हेडस्टॉकमधील सेंटरास दिलेलें आढळतें, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें.

बदलण्याची वेळ ओळखणें सोपें आहे. यंत्र बंद करून सेंटर बोटानें फिरवावें. तें खरखरलें, अडखळलें, किंवा टोंक धरून आडवें हलविल्यास डगमगलें, तर त्याचें बेअरिंग झिजलें असें समजावें. अशा सेंटरावर कातलेलें लाटणें कधींही सारखें गोल होत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. हें सेंटर टेलस्टॉकच्या पोकळ दांड्यांत बसतें. पण त्यास स्क्रू नाहीं, चावी नाहीं. त्याची मागील दांडी किंचित् निमुळती असते व दांड्यांतील बैठकही तितकीच निमुळती असते. या उतारास मोर्स टेपर म्हणतात. स्टीफन मोर्स या अमेरिकन गृहस्थानें तो इ. स. १८६० च्या दशकांत प्रचारांत आणिला. १२ इंच लांबीमागें व्यास सुमारें ५/८ इंचानें कमी होतो. म्हणजे प्रत्येक बाजूचा उतार जेमतेम दीड अंशाचा. उतार इतका अल्प असल्यामुळें दोन्ही पृष्ठभाग सर्वांगानें एकमेकांस चिकटतात आणि घर्षणच सेंटरास धरून ठेवितें. लांकडाचा दाब जितका वाढतो, तितकी पकड घट्ट होते. या टेपरांस ० पासून ७ पर्यंत क्रमांक आहेत. लांकडाच्या लेथांत बहुधा १ व २ हे आढळतात. त्यांचे मोठ्या टोंकाकडील व्यास अनुक्रमें सुमारें १२ व १८ मिलिमीटर असतात. नवें सेंटर विकत घेण्यापूर्वीं हा क्रमांक पाहून घ्यावा.

यावरून काढण्याची रीत आपोआप कळते. जें पुढून दाबल्यानें घट्ट होतें, तें मागून ढकलल्यानेंच सुटावयाचें. प्रथम विजेचा प्लग काढावा व लांकूड उतरवून ठेवावें. नंतर दांड्याची पकड सैल करून टेलस्टॉकचें हातचाक उलट फिरवावें. दांडा पुरता आंत जाऊं लागला म्हणजे आंतील स्क्रूचें टोंक सेंटरास मागून ढकलून मोकळें करतें. खालीं हात धरावा. कांहीं लेथांत मागील भोंकांतून सळई घालून हलकेच ठोकावें लागतें. पकडीनें ओढूं नये, व बाजूनें हातोडा तर कधींच मारूं नये. कारण नवें सेंटर बाजारांत मिळतें, परंतु बैठकीवर ओरखडा पडला तर त्यापुढचें प्रत्येक सेंटर वांकडें बसतें.

बसविण्यापूर्वीं काठीस कोरडें फडकें गुंडाळून बैठक पुसावी. भुशाचा एक कणही राहूं देऊं नये. तेल लावूं नये, कारण त्यानें पकड कमी होते. शंका असल्यास नव्या दांडीवर पेन्सिलीच्या लांब रेघा ओढून ती बैठकींत घालून थोडी फिरवावी व काढून पाहावी. रेघा सर्व लांबीभर पुसट झाल्या, तर बैठक बरोबर आहे. मग दांडी पुसून, पोकळ दांडा एक-दोन इंच बाहेर आणून सेंटर तळहाताच्या झटक्यानें बसवावें. लोखंडी हातोड्याच्या घावानें बेअरिंगमध्यें खळगे पडतात.

शेवटीं टेलस्टॉक पुढें सरकवून दोन्ही सेंटरांचीं टोंकें समोरासमोर येतात कीं नाहींत तें पाहावें. मग लांकूड चढवून दांड्याची पकड आवळावी, एक फेरा हातानेंच देऊन पाहावा, डोळ्यांस चष्मा लावावा आणि बाजूस उभें राहून यंत्र मंदगतीनें सुरू करावें. मिनिटास १००० फेरे म्हणजे सेकंदास १६ हून अधिक; अशा वेगानें सुटलेलें लांकूड सावध होण्यास अवसर देत नाहीं.

अडलेल्या वस्तूस पाहतांच हातोडा शोधूं लागणें हा मुलांचा स्वभावच आहे. पालकांसही विनंति कीं, घरीं मुलगा एखादें यंत्र खोलूं लागला तर त्यास रागावूं नये. ती वस्तु कशानें धरली गेली आहे, एवढें मात्र त्यास आधीं विचारावें. त्याचें उत्तर देतां आलें, तरच पुढें हात लावूं द्यावा.