चामड्याच्या शिलाईचे यंत्र : निवड आणि पारख

कापड आणि चामडे या दोन्ही वस्तू सुई-दोऱ्यानेच शिवल्या जात असल्या, तरी त्यांचे गुणधर्म इतके भिन्न आहेत की, एकीसाठी उत्तम ठरलेले यंत्र दुसरीसाठी बहुधा निरुपयोगी ठरते. कापडात सुई शिरते तेव्हा ताण्या-बाण्याचे धागे बाजूला सरतात आणि सुई निघाल्यावर पुन्हा जवळ येतात. चामडे विणलेले नसते. त्यात तंतूंची दाट गुंतागुंत असते. सुई तेथे छिद्र पाडते आणि ते छिद्र कायमचे राहते. चुकलेली शिलाई उसवून पुन्हा घातली, तर पट्ट्यावर छिद्रांची दुहेरी रांग उमटते आणि ओढ बसताच तो टपालाच्या तिकिटाप्रमाणे त्या रेषेवर फाटतो. म्हणून या धंद्यात यंत्राच्या वेगापेक्षा पहिल्याच खेपेस बिनचूक पडणाऱ्या टाक्याचे मोल अधिक आहे.

आग्र्यातील पादत्राणांचे घरगुती कारखाने असोत, कानपूरमधील खोगीर व लगाम बनविणारे कारागीर असोत, की तामिळनाडूतील वाणियंबाडी आणि अंबूर येथील लहान उत्पादक असोत, त्यांच्यापैकी अनेकजण एका वेळी एकच यंत्र घेऊ शकतात, आणि तेही साठविलेल्या किंवा उसन्या पैशातून. अशा माणसाची निवड चुकली, तर ते यंत्र कोपऱ्यात पडून राहते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

निवडीचा पहिला प्रश्न असा : यंत्र चामडे पुढे कसे सरकविते? घरगुती यंत्रात खालचे दाते कापड ओढतात व वरचा पाय ते केवळ दाबून धरतो. चामड्यावर हा पाय चिकटतो. खालचा थर सरकतो, वरचा मागे राहतो, आणि हातभर लांबीच्या शिलाईनंतर दोन्ही कडा जुळेनाशा होतात. दात्यांचे व्रण खालच्या बाजूस उमटतात ते वेगळेच. यावरचा उपाय म्हणजे तिहेरी ओढीचे, ज्याला बाजारात ‘वॉकिंग फूट’ म्हणतात ते यंत्र. यात आतील पाय, सुई आणि दाते तिन्ही एकदमच पुढे सरकतात. सुई चामड्यात रुतलेली असतानाच ते पुढे जात असल्यामुळे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. बाहेरचा पाय त्यानंतर चामडे दाबून धरतो आणि आतला पाय पुढच्या टाक्यासाठी मागे येतो. पिशव्या, पट्टे आणि आसनांची आवरणे शिवणाऱ्याने याहून कमी काही स्वीकारू नये.

दुसरा प्रश्न यंत्राच्या बैठकीचा. सपाट बैठकीवर पाकिटे, पट्टे आणि न जोडलेले सुटे भाग उत्तम शिवले जातात. पिशवी एकदा उभी राहिली की तिची कड सपाट फळीवर बसत नाही. तेथे नळीसारखा हात असलेले यंत्र लागते, म्हणजे पिशवी त्या हाताभोवती फिरविता येते. बुटाच्या वरच्या भागासाठी खांबासारखी उभी बैठक सोयीची. ही गरज जुनी आहे. एलियस हाऊ यांना शिवणयंत्राचे अमेरिकन पेटंट १८४६ मध्ये मिळाले. परंतु बुटाचा तळ वरच्या भागाला यंत्राने जोडता येण्यासाठी १८५८ पर्यंत, म्हणजे लायमन ब्लेक यांच्या पेटंटपर्यंत, वाट पाहावी लागली. बुटाच्या आत शिरू शकेल असा हात यंत्राला असणे, हीच त्यातली मुख्य युक्ती होती. एकच यंत्र घेणे शक्य असेल, तर नळीच्या हाताचे घेऊन त्यावर सपाट फळी बसविणे हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. सपाट यंत्राची नळी मात्र करता येत नाही.

जाडीविषयी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. सपाट बैठकीच्या तिहेरी ओढीच्या एका परिचित जपानी यंत्राचा पाय खटक्याने ९ मिलिमीटर आणि गुडघ्याच्या दांडीने १६ मिलिमीटर उचलला जातो. हा आकडा चामडे पायाखाली सारता यावे यासाठी असतो. तितकी जाडी शिवली जाईलच, असे नव्हे. शिवताना दोन्ही पायांना आळीपाळीने वर उचलण्यास जागा लागते. २ मिलिमीटर चामड्याचे चार थर एकत्र आले की ८ मिलिमीटर होतात. कुशल कारागीर अशा ठिकाणी कडा रापीने तासून पातळ करतो आणि यंत्रावरचा भार निम्म्यावर आणतो.

सुई आणि दोरा यांचा मेळ सहज बसविता येतो. सुईचा क्रमांक ११० म्हणजे १.१ मिलिमीटर व्यास. पातळ चामड्यास तो पुरतो. जाड पट्ट्यासाठी १४० ची सुई आणि त्यास साजेसा जाड दोरा लागतो. सुईचे टोक कापडासाठी गोल, तर चामड्यासाठी धारदार असते. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असावा; उन्हात वापरावयाच्या वस्तूंसाठी पॉलिएस्टरच बरा.

मोटारीकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते. जुन्या पद्धतीची क्लच मोटार सतत फिरत राहते, मिनिटाला सुमारे १,४०० फेरे. यंत्राची कप्पी मोटारीच्या कप्पीच्या दुप्पट असली, तरी मिनिटाला सातशे टाके पडतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ बारा. वळणावर एवढ्या वेगाला आवर घालणे नवशिक्यास अशक्यच. सर्व्हो मोटार पायटा दाबल्यावरच फिरते, वीज वाचविते आणि हळू चालते; परंतु स्वस्त जातीच्या मोटारीची शक्ती मंद गतीत उणी पडून सुई जाड चामड्यात अडकते. मधे मोठी कप्पी बसविली की वेग घटतो व जोर वाढतो. एक-एक टाका मोजून घालता येतो, ते या जोडणीमुळे.

रस्त्याकडेच्या दुरुस्तीच्या दुकानांत दिसणारे, हाताने चाक फिरवून चालविण्याचे लांब अरुंद हाताचे यंत्र स्वस्तात मिळते. त्याचा पाय चोहोबाजूंना फिरतो, त्यामुळे फाटलेला बूट न फिरविता शिवता येतो. दुरुस्तीला त्याची सर दुसऱ्या यंत्राला नाही. पण त्याची बॉबिन लहान असते व टाका नेहमीच एकसारखा पडत नाही. त्यावर नव्या पिशव्यांचा धंदा उभारू पाहणे व्यर्थ होय. उलट, पारंपरिक कोल्हापुरी चपलेसारखी चामड्याच्या वादीने हातानेच शिवली जाणारी वस्तू बनविणाऱ्याला यांपैकी कशाचीच निकड नसते.

जुने यंत्र घ्यावयाचे असल्यास खरेदीदाराने आपले चामडे, आपला दोरा आणि आपली सुई बरोबर न्यावी. विक्रेता दाखवितो तो कापडाचा तुकडा पाहू नये. आपल्या कामातील सर्वांत जाड सांध्यावरून, थांबत थांबत, शिलाई घालावी. पट्टी उलटून खालचा टाका पाहावा : दोऱ्यांची गाठ थरांच्या मध्यावर बसली पाहिजे, ती खाली लोंबत असेल तर प्रथम ताण जुळवावा. ताण जुळवूनही टाके सुटत असतील, तर हुकाचे टोक झिजलेले असण्याचा संभव असतो. चाक हाताने फिरवून सुईदांडा हलतो का तेही पाहावे. त्या यंत्राचे हुक, दाते व सुया आपल्या गावी किंवा जवळच्या शहरात मिळतात की नाही, याची चौकशी किंमत ठरविण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.