डायनासोरचे नख खरे की खोटे?



चैत्रातल्या जत्रेत मी एक नख विकत घेतले. वितीपेक्षा थोडे लहान, काळपट, वाकडे आणि टोकाला चांगलेच अणकुचीदार. पालातला माणूस म्हणाला, हे डायनासोरचे नख आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. मी 80 रुपये दिले. ते पैसे आजीने वह्यांसाठी दिले होते. वह्यांचे दुकान बंद होते, असे मी घरी सांगितले.

शाळेत नख आणल्यावर निम्मा वर्ग माझ्या बाजूने व निम्मा विरुद्ध झाला. माझ्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, हे खोटं आहे. मी तिच्याशी कट्टी घेतली. भांडण गुरुजींपर्यंत गेले. मला वाटले ते हसतील. पण ते म्हणाले, "भांडून नख खरं होत नाही. नखालाच विचारा." मग त्यांनी आम्हाला चित्रे दाखवली व जी माहिती सांगितली ती मी लिहीत आहे.

डायनासोरच्या नखाचे दोन भाग असत. आत हाड आणि वरून कठीण खोळ. ही खोळ आपल्या नखाच्याच जातीची. बैलाच्या शिंगाचेही असेच असते. आमच्या शेजाऱ्यांच्या बैलाचे शिंग झुंजीत निखळले होते तेव्हा वरची खोळ निघाली आणि आत रक्ताने भरलेले हाड दिसले. मी तर तोंड फिरवले होते. जनावर मेले की खोळ बहुधा कुजून जाते. हाड गाळात दबते, पाण्यातली खनिजे त्याच्या बारीक छिद्रांत भरतात आणि हळूहळू त्याचा दगड होतो. त्यालाच जीवाश्म म्हणतात. म्हणून जमिनीतून निघते ते बहुतेक वेळा आतले हाडच. जिवंतपणी नख त्याहून लांब असणार.

अशा नखाचे बूड नीट पाहायचे. तिथे बोटाचे दुसरे हाड बसायला खोबण असते. खोबणीच्या खाली एक उंचवटा असतो. नख आत ओढणारी दोरीसारखी शीर तिथे चिकटलेली असे. दोन्ही बाजूंनी टोकाकडे जाणारी एकेक लांब खाच असते. कुठे टवका उडाला असेल तर आत पावासारखी जाळी दिसते. ओतून केलेल्या नकली नखाला साच्याची रेघ असते, हवेचे बुडबुडे असतात. काही वेळा नख खरेच असते, पण मोडलेले टोक लांबी व भरणीने नवे केलेले असते. म्हणजे एकच नख अर्धे खरे, अर्धे खोटे!

आम्ही माझे नख खिडकीपाशी नेले. खाच नाही. खोबण नाही. बूड तर करवतीने कापल्यासारखे सपाट. मैत्रीण काही बोलली नाही, पण मला तिचा रागच आला. मी म्हटले, "गुरुजी, बूड तुटलं असेल तर?"

गुरुजी म्हणाले, "असू शकतं. मग तुटलेला तुकडा कुठं आहे? नख कुठल्या जमिनीतून निघालं?" मला काहीच सांगता येईना. तेव्हा त्यांनी ही गोष्ट सांगितली. ती मला सगळ्यात आवडली.

इंग्लंडमध्ये सरे नावाचा परगणा आहे. तिथे विटांसाठी माती काढायची एक खाण होती. 1983 च्या जानेवारीत विल्यम वॉकर नावाचे गृहस्थ तिथे जीवाश्म शोधत होते. ते शास्त्रज्ञ नव्हते, नळजोडणीचे काम करायचे. त्यांना एका दगडात मोठे नख मिळाले, पण तुकड्यांत. घरी जाऊन त्यांनी ते जुळवले तर टोक नाही! काही दिवसांनी ते पुन्हा त्याच जागी गेले आणि शोधून शोधून टोक आणले. (मी असते तर मातीचेच टोक करून लावले असते.) नख 31 सेंटिमीटर भरले. आपली फूटपट्टी 30 ची असते, म्हणजे तिच्याही पुढे.

ते नख लंडनच्या संग्रहालयात गेले. तिथल्या ॲलन चॅरिग आणि अँजेला मिल्नर या शास्त्रज्ञांनी ते पाहिले. वॉकरना जागा पक्की माहीत होती म्हणून सगळे तिथे जाऊन खोदू शकले. मे-जून महिन्यांत खोदले तेव्हा सांगाड्याचा बराचसा भाग मिळाला. पोटाच्या जागी माशांचे खवले होते! हा तर मासे खाणारा निघाला. 1986 साली त्याचे नाव ठेवले, बॅरिओनिक्स वॉकेरी. बॅरिओनिक्स म्हणजे वजनदार नख आणि वॉकेरी म्हणजे वॉकर यांचा. ते नख पुढच्या पायाच्या अंगठ्याचे होते.

नख खरे असले तरी ते कोणाचे व कुठले हे ओळखताना मोठमोठे लोकही चुकले आहेत. इग्वानोडॉनच्या अंगठ्याचा काटा आधी त्याच्या नाकावर बसवला होता, गेंड्यासारखा. 1878 साली बेल्जियमच्या एका कोळसा खाणीत पुष्कळ सांगाडे मिळाले तेव्हा तो हाताचा अंगठा आहे हे कळले. मंगोलियात 1948 साली हातभर लांबीची नखे सापडली. त्यावरून आधी वाटले की हे कासवासारखे जनावर असेल. तो थेरिझिनोसॉरस निघाला, आणि एवढी नखे असून पाला खायचा! नुसते नख पाहून कोणालाही फसायला होते. सोबत काय सापडले ते पाहावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातही चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला एका मोठ्या, पाला खाणाऱ्या डायनासोरची हाडे मिळाली आहेत. कोणी म्हणाले की नख तिथल्या थरातले आहे, तर निदान जाऊन थर पाहता येईल. जत्रेच्या पालाला कुठला थर?

संध्याकाळी मी नख आबांना दाखवले. आबांनी ते हातावर तोलले, अंगठ्याने घासले, मग दाभण तापवून बुडाला टेकवले. (हे मोठ्या माणसांनीच करायचे.) चर्र झाले आणि केस जळल्यासारखा वास आला. दगडाला असा वास येत नाही. आबा म्हणाले, "पोरी, हे म्हशीचं शिंग हाय. शेंड्याला शिंग भरीव असतंय. तेवढं कापून घासून गुळगुळीत केलंया. काम मात्र झ्याक केलंया बरं का."

म्हणजे वस्तू खरी होती, फक्त डायनासोरची नव्हती. जी खोळ कुजून जाते असे गुरुजी म्हणाले, त्याच जातीची वस्तू मी कोट्यवधी वर्षांची म्हणून मिरवत होते.

आजी चुलीपाशी ऐकत होती. तिने भाकरी उलटली आणि विचारले, "आन् ते वह्यांचं दुकान कवा उघडणार?" मग मी सगळे सांगितले. ती रागावली नाही, पण रात्रभर माझ्याशी बोलली नाही. त्यापेक्षा रागावली असती तर बरे झाले असते.

हा लेख मी तिसरीच्या वहीच्या कोऱ्या पानांवर आधी लिहिला आणि मैत्रिणीने शुद्धलेखन तपासले. आमची बट्टी झाली आहे. नख वर्गाच्या खिडकीत ठेवले आहे. त्याच्याखाली तिने चिठ्ठी लावली आहे : 'म्हशीचे शिंग. हात लावून पाहा.'

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 4 थी