मन कशानं खचतं?

प्रश्न : माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, नववीत शिकतो. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. कॅलिपर लावून, वॉकर धरून चालतो. अभ्यासात हुशार आहे. सहावीपर्यंत गल्लीतल्या पोरांत रमायचा, स्वतःच्या चालण्याची नक्कल करून आम्हालाच हसवायचा. हल्ली गप्प गप्प असतो. लग्नकार्याला यायचं टाळतो, फोटोत उभा राहत नाही. ताई म्हणते, ‘आता त्याला आपलं शरीर कळायला लागलंय, वाईट वाटणारच.’ मला कुतूहल हे, की शारीरिक अपंगत्व असलेल्या सगळ्याच मुलांना या वयात कमीपणा वाटतो का? की कारण दुसरंच असतं?
– एक मावशी, कराड

उत्तर : सगळ्यांना वाटत नाही. तुमच्या ताईंसारखंच बहुतेक जण धरून चालतात, की शरीरात उणीव आहे म्हणजे मनातही असणार. प्रत्यक्ष मुलांना विचारलं, तेव्हा वेगळंच निघालं.

युरोपातल्या सात देशांत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. 8 ते 12 वर्षांच्या 500 मुलांनी आपल्या आयुष्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः दिली. निष्कर्ष 2007 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. बहुतेक बाबतींत ही मुलं इतर मुलांइतकीच समाधानी होती. गंमत म्हणजे त्यांच्या आईवडिलांना विचारलं, तर त्यांनी बऱ्याच बाबतींत मुलांपेक्षा कमी गुण दिले. ही मुलं 13 ते 17 वर्षांची झाल्यावर पुन्हा विचारणा झाली. 2015 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत इतर मुलांच्या तुलनेत ती एकाच बाबतीत स्पष्टपणे मागे होती : मित्रमैत्रिणी आणि त्यांचा आधार. हालचालीची अडचण किती मोठी, यानं आपल्याला वाटतो तितका फरक पडत नव्हता. अंग दुखण्यानं मात्र पडत होता. म्हणून एक प्रश्न आजच भाच्याला विचारा : ‘तुझं काही दुखतं का?’ वाढत्या वयात हाडं लांबतात, आखडलेले स्नायू ताणले जातात, जुना कॅलिपर टोचू लागतो. आणि रोजचंच म्हणून मुलं सांगत नाहीत.

आयुष्याविषयीचं समाधान आणि आत्मसन्मान या अगदी एकच गोष्टी नव्हेत, हे खरं. पण आत्मसन्मानावरच्या संशोधनाचा सूरही फारसा निराळा नाही. 2006 मध्ये नोरा शील्ड्स आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं सरसकट स्वतःला कमी लेखतात, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. किशोरवयीन मुलींमध्ये मात्र रूप, इतरांनी आपलंसं करणं, खेळ आणि अभ्यास या बाबतींत कमीपणा दिसला. दिसण्याची काळजी या वयात कुणाला चुकलेली नाही. सूझन हार्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं धडधाकट मुलांवर काम केलं. आपण कसे दिसतो याविषयीचं मत आणि एकूण आत्मसन्मान यांचं नातं त्यांना सर्वांत घट्ट आढळलं. तेव्हा भाचा फोटो टाळतो यातला काही भाग निव्वळ चौदाव्या वर्षाचा आहे. मुरुमं आलेला त्याचा वर्गमित्रही टाळत असेल.

आता मित्रांकडे येऊ, कारण खरी मेख तिथंच आहे. सहावीपर्यंत दोस्ती घराच्या ओट्यावर असते. कॅरम, पत्ते, गल्लीतलं क्रिकेट. त्यात तुमचा भाचा अंपायर होऊ शकत होता. नववीत टोळकं सायकलवर बसतं. क्लास दुसऱ्या मजल्यावर, मैदान गावाबाहेर, वडापावची गाडी स्टँडवर. मुद्दाम कुणी टाळलेलं नसतं, नुसता वेग वाढलेला असतो. त्यातच पोरं खेळायला निघतात ती संध्याकाळची वेळ नेमकी फिजिओथेरपीला दिलेली असते. शाळेत पी.टी.च्या तासाला हा वर्गात दप्तरं राखत बसतो. मुताऱ्या सोयीच्या नसतील, तर दिवसभर पाणी न पिण्याची सवय लावून घेतो. सहलीच्या यादीत नाव नसतं, कारण ‘त्याला त्रास होईल’ हे त्याला न विचारताच ठरलेलं असतं. अशी दोन वर्षं काढल्यावर गप्प न होणारं पोर मला तरी माहीत नाही.

अशा वेळी घरचे आणि शिक्षक कौतुकाचा मारा सुरू करतात. स्नेहसंमेलनात शाल, श्रीफळ आणि ‘याच्याकडून शिका’ असं भाषण. मला हे मनापासून नापसंत आहे. ऑस्ट्रेलियातल्या स्टेला यंग यांची हाडं जन्मतःच ठिसूळ होती, त्या व्हीलचेअर वापरत. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातल्या कुणीतरी त्यांचं नाव एका पुरस्कारासाठी सुचवायचं म्हटलं. आईवडिलांनी विचारलं, पण तिनं वेगळं असं केलंय काय? ती तर इतर मुलींसारखीच शाळेत जात होती! 2014 मध्ये सिडनीतल्या भाषणात स्टेला यांनी हा किस्सा सांगितला होता. नुसतं शाळेत आल्याबद्दल टाळ्या मिळाल्या की चौदा वर्षांचं पोर त्याचा अर्थ बरोबर लावतं : यांची माझ्याकडून एवढीच अपेक्षा आहे. भाच्याचा गणिताचा पेपर चांगला गेला तर गणिताचं कौतुक करा, आणि घाण गेला तर चुलतभावाला जसं बोलता तसं त्यालाही बोला.

घरातही थोडं बदलावं लागेल. डॉक्टर ‘हल्ली कुठं दुखतंय?’ असं आईला विचारतात, आई सांगते, आणि ज्याचं दुखतंय तो छताकडे बघत बसतो. शर्टाची बटणं लावायला त्याला दहा मिनिटं लागतात, म्हणून आई दोन मिनिटांत लावून देते. ताईंना दोष देत नाही. सकाळची घाई कुणाला चुकली आहे? पण सुटीच्या दिवशी तरी ती दहा मिनिटं त्याची असू द्यावीत. कॅलिपर कधी काढायचा, लग्नाला यायचं की नाही, बोर्डाला लेखनिक घ्यायचा की जादा वेळ घेऊन स्वतः लिहायचं, यात त्याचं मत आधी विचारावं आणि शक्य तिथं मानावं.

आणखी एक माणूस त्याला हवा आहे : त्याच्यासारखंच शरीर असलेला, नोकरी-संसार करणारा, चिडणारा, विनोद करणारा मोठा माणूस. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या-सतराव्या वर्षी कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांना सावरणारी भेट ठरली बाबूकाका दिवाण यांची; बाबूकाका स्वतःही चाकाच्या खुर्चीवर होते. पुढे 1984 मध्ये नसीमाताईंनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र घरात असू द्या, मात्र ‘वाच, म्हणजे तुला कळेल’ असं म्हणून हातात देऊ नका. कराडहून कोल्हापूर लांब नाही. अशा एखाद्या संस्थेत दिवसभर राहून आला, तरी त्याला बोलायला माणसं मिळतील.

एक सावधगिरी. झोप-जेवण बिघडलं, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, ‘मी नसतो तर बरं’ असं काही तोंडून निघालं, तर हे सगळं बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

राहिली शाळा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा केंद्रीय कायदा आहे. त्याचं सोळावं कलम सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांवर ज्या जबाबदाऱ्या टाकतं, त्यांपैकी दोन अशा : इमारत आणि सोयी मुलाला वापरता येतील अशा करणं, आणि शिक्षणाबरोबरच खेळ व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीनं देणं. नववीचा वर्ग तळमजल्यावर आणा, पी.टी.च्या तासाला त्याला मैदानावर काम द्या, सहलीच्या यादीत नाव घाला, असा अर्ज ताईंनी या कलमाचा उल्लेख करून मुख्याध्यापकांना द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात काय मागायचं हे भाच्याला ठरवू द्या. सहल हिवाळ्यात निघत असेल तर दिवाळीच्या सुटीआधीच द्या. गाडी ठरल्यावर दिलेल्या अर्जाला ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर मिळतं.