पासबुकातला तिसरा रकाना

भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफच्या) पासबुकात तीन रकाने असतात. पहिला कर्मचाऱ्याच्या वर्गणीचा, दुसरा मालकाच्या आणि तिसरा पेन्शनचा. पहिल्या दोन्हींवर दरवर्षी व्याज मिळतं; 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षी ते 8.25 टक्के होतं. तिसऱ्या रकान्यावर व्याज दिसत नाही, त्यामुळे तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मधली काही वर्षं घरी थांबलेल्या बायकांचं न भरून येणारं नुकसान होतं ते मात्र तिथेच.

पुण्याच्या एका इंजिनिअर बाईंचं असंच झालं. 2015 मध्ये त्या चाकणच्या एका कारखान्यात लागल्या, तेव्हा मूळ पगार 14 हजार होता. पुढे तो वाढला, पण पेन्शन योजनेतलं सभासदत्व टिकून राहिलं. मालक दरमहा जास्तीत जास्त 1,250 रुपये पेन्शनपोटी भरत होता. 2021 मध्ये मुलगी लहान, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून त्यांनी नोकरी सोडली. घराच्या डाउन पेमेंटला पैसे हवे होते. ओळखीतल्या एजंटाने पीएफचा फॉर्म 19 आणि पेन्शनचा फॉर्म 10सी, दोन्ही एकदमच भरून टाकले. पेन्शनपोटी लाखाच्या आतबाहेर रक्कम आली आणि घराच्या खर्चात गेलीसुद्धा.

मुलगी शाळेत रुळल्यावर बाई पुन्हा नोकरीला लागल्या. या वेळी मूळ पगार होता 32 हजार. रुजू होताना फॉर्म 11 भरून द्यावा लागतो. त्यात विचारलेलं असतं : यापूर्वी 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे सभासद होता का? त्या प्रश्नापाशी सगळा उलगडा झाला. 1 सप्टेंबर 2014 पासून नियम असा आहे, की 15 हजारांहून जास्त मूळ पगारावर नव्याने येणाऱ्याला या योजनेत घेत नाहीत. जुनं सभासदत्व शिल्लक असतं, तर ते पुढे चालू राहिलं असतं. ते तर फॉर्म 10सी भरला तेव्हाच संपलं होतं.

नुकसान नेमकं किती? पेन्शनचं सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगाराची मर्यादा 15 हजार. बाईंची आधीची सहा वर्षं आणि पुढची नऊ, अशी पंधरा वर्षं धरली तर 58 व्या वर्षापासून दरमहा सुमारे 3,214 रुपये आणि त्यांच्या पश्चात जोडीदाराला त्याच्या निम्मे. नोकरीत नसलेली वर्षं हिशेबात येत नाहीत, पण त्यांच्यामुळे आधीची वर्षं पुसलीही जात नाहीत. एकूण सेवा दहा वर्षांची भरली, की पेन्शनचा हक्क पक्का होतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. योजनेबाहेर राहिलेल्यांचे ते 1,250 रुपये पीएफमध्येच जमा होतात आणि त्यांवर व्याज मिळतं. शिवाय ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. काढलेली रक्कम कुणी खरोखरच पंधरा-वीस वर्षं हात न लावता गुंतवून ठेवली, तर हिशेब बराचसा जुळतोही. पण अशी रक्कम जवळपास प्रत्येक घरात खर्चच होते, आणि म्हातारपणी बाईच्या स्वतःच्या नावावर दरमहा येणारे तीन हजार रुपये ही लहान गोष्ट नव्हे.

पीएफच्या जुन्या नियमांत लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या स्त्रीला पैसे काढण्याआधी दोन महिने थांबण्याची अटही नव्हती. बाई एकदा घरी गेली की परतणार नाही, हे त्या नियमाने गृहीतच धरलं होतं. आता वारं उलटं वाहतंय. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर संपूर्ण रक्कम काढण्यासाठीची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने आणि पेन्शनच्या रकमेसाठीची 36 महिने करायचं ठरवलं. त्यावर टीका बरीच झाली. पण परतायचा विचार असलेल्या बाईला ही मुदत उपयोगाचीच आहे.

मग ठरवायचं कसं? पुन्हा नोकरी करण्याची थोडीशीही शक्यता असेल, तर पेन्शनला हात लावू नये. फारच अनिश्चित वाटत असेल, तर त्याच फॉर्म 10सी वर पैशांऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' मागता येतं. त्यात झालेली सेवा नोंदलेली राहते. परदेशी कायमचं स्थायिक व्हायचं असेल आणि दहा वर्षं भरणारच नसतील, तर मात्र पैसे काढणं रास्त आहे.

पीएफच्या रकमेचं म्हणाल, तर घाई कसलीच नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर नोकरी सोडलेल्या तरुण सभासदाच्या खात्यावर 58 वर्षांपर्यंत व्याज जमा होत राहतं. फक्त नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो. सलग पाच वर्षं भरण्याआधी रक्कम काढली तर तीही करपात्र ठरते. नव्या नोकरीत खातं ट्रान्सफर केलं की जुनी सेवा या पाच वर्षांत धरतात.

आपल्याकडे ट्रान्सफर अडतं ते नावावर. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनावही बदलतं. पीएफमध्ये माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. नाव जुळत नाही म्हणून नवी कंपनी दुसराच यूएएन (सभासदाचा पीएफ क्रमांक) काढते आणि एका बाईची दोन खाती होतात. म्हणून आधी संयुक्त घोषणापत्र देऊन नाव दुरुस्त करावं. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतःला भरता येते. ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनपुढे शून्य दिसलं, तर घाबरू नये. तिथे रक्कम येत नाही, सेवा येते. ती आली की नाही हे पोर्टलवरच्या सेवेच्या नोंदीत आणि 'अ‍ॅनेक्शर के' या कागदात दिसतं. त्यात जुन्या नोकरीच्या तारखा नसतील, तर तक्रार लगेच नोंदवावी, कारण जुनी कंपनी बंद पडली किंवा तिथली माणसं बदलली की हा पुरावा मिळवणं फार जड जातं.